आता डाव कोणाचा? : हातात मावणाऱ्या युद्धपटाची ओढ



आजचा विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. व्याख्यानमाला म्हटली की संतसाहित्य, शेती, संविधान, फार तर आरोग्य. त्यात मोबाईलवरच्या लढाईच्या खेळावर काय बोलायचं? पण ज्या गोष्टीवरून घराघरात रोज कुरबूर होते, तिच्यावर चारचौघांत एकदा नीट बोललं पाहिजे. बापाचं म्हणणं ठरलेलं असतं, "पोट्टं दिवसभर मोबाईलमंदी डोकं घालून बसते." पोराचं उत्तरही ठरलेलं असतं, "थांबा ना बाबा, वॉर सुरू आहे." या 'वॉर'मध्ये असं आहे तरी काय, एवढाच आजचा प्रश्न.

त्याची दोन तयार उत्तरं आपल्याकडे आहेत. एक म्हणजे मारामारीची चटक, आणि दुसरं म्हणजे व्यसन. दोन्ही अगदी खोटी नाहीत, पण अर्धी आहेत. निव्वळ मारामारीच हवी असेल तर सिनेमे पुष्कळ आहेत, आणि तिथं डोकं चालवावं लागत नाही. आमचं म्हणणं असं आहे की डावपेचांच्या युद्धखेळाची ओढ तीन सुखांवर उभी असते. आपला डाव येतो. त्या डावाचा हिशोब लागतो. आणि समोर कुणीतरी त्या डावाची दखल घेतं. खेळ चांगला की वाईट हे ठरवायचं असेल, तर या तीन सुखांचं तो काय करतो ते बघावं. आज आम्ही दोन खेळ या कसोटीवर लावणार आहोत.

आधी आपल्या मातीतलं थोडं. वाशिमचं जुनं नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. गावाच्या नावातल्या गुल्माची कथा वत्स ऋषींची आहे, ती आपल्याला माहीत आहे. पण 'गुल्म' या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे, आणि तो सैन्याचा. महाभारताच्या आदिपर्वात सेनेची मोजणी दिली आहे. एक रथ, एक हत्ती, तीन घोडे आणि पाच पायदळ मिळून एक पत्ती होते. तीन पत्तींचं एक सेनामुख आणि तीन सेनामुखांचा एक गुल्म. म्हणजे ९ रथ, ९ हत्ती, २७ घोडे, ४५ पायदळ. युद्धाची अशी मोजदाद करायची, ती मोठ्या आकड्यांतून लहान तुकड्यांत उतरवायची, आणि मग त्या तुकड्या मनात हलवून बघायच्या, ही आवड माणसाला मोबाईलने लावलेली नाही. रथ, हत्ती, घोडे, पायदळ या चार अंगांवरूनच 'चतुरंग' हे नाव आलं आणि त्याच चतुरंगाचं पुढे बुद्धिबळ झालं. महाराष्ट्रातल्या कितीतरी किल्ल्यांच्या आणि लेण्यांच्या दगडांवर नवकंकरीसारखे पट कोरलेले सापडतात. कुणीतरी तिथं बसून वेळ काढला, आणि एकट्यानं नाही काढला. पट कोरायचा तो दोघांसाठीच.

आता खेळांची विभागणी करू, कारण घरात सगळ्याच खेळांना सरसकट 'पब्जी' म्हटलं जातं. पब्जी हा नेमबाजीचा खेळ. शंभर जण एका बेटावर उतरतात आणि शेवटी जो उरतो तो जिंकतो. तिथं अंगठा आणि नजर जलद लागते. केंद्र सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी ११८ ॲपवर बंदी घातली त्यात तो होता, म्हणून त्याचं नाव गावोगावी झालं. आमचा आजचा विषय तो नाही. आज बोलायचंय ते डावपेचांच्या खेळांवर. तिथं अंगठ्यापेक्षा विचार महत्त्वाचा. कोणती तुकडी कुठं उभी करायची, आधी कोणाला पाठवायचं, रसद किती उरली, असले प्रश्न.

पहिला खेळ आपल्याकडे फार जणांनी पाहिलेला नाही. नाव 'ॲडव्हान्स वॉर्स'. जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या 'गेम बॉय ॲडव्हान्स' या तळहातात मावणाऱ्या यंत्रासाठी 'इंटेलिजंट सिस्टिम्स' या चमूने तो केला आणि २००१ मध्ये तो अमेरिकेत विक्रीला आला. आज या प्रकारच्या खेळाची चर्चा निघाली की त्याचं नाव निघतंच. म्हणून तो समजून घेऊ.

पडद्यावर चौकटींचा नकाशा असतो. त्यात डोंगर, जंगल, नदी, रस्ते, शहरं. तुमच्याकडे थोडे पैसे असतात. पायदळाची तुकडी १००० ला मिळते, तोफखान्याची ६००० ला, रणगाडा ७००० ला. ताब्यातलं प्रत्येक शहर दर डावाला १००० उत्पन्न देतं. शहर काबीज करायचं तर ते पायदळानेच करता येतं. रणगाडा कितीही दांडगा असो, शहर घ्यायला पायी चालणारा माणूसच लागतो. शहराची ताकद २० धरलेली असते आणि धडधाकट तुकडीची १०. म्हणजे दोन डावांत शहर हातात येतं. पण आधीच त्या तुकडीवर मारा झाला आणि ती ५ वर आली असेल, तर त्याच शहराला चार डाव लागतात. बघा, सगळा हिशोब उघडा आहे. घायाळ तुकडीचा वारही कमी बसतो, म्हणून आधी वार कोण करतो याला मोल येतं. तोफखाना लांबून मारतो, पण एकाच डावात हलणं आणि मारणं त्याला जमत नाही. म्हणजे आज तोफ कुठं उभी करायची हे ठरवताना शत्रू उद्या कुठं असेल याचा अंदाज बांधावा लागतो.

या खेळाची खरी गोडी इथं आहे. प्रत्येक नियम साधा आहे, दहा मिनिटांत शिकता येतो. पण दोन साधे नियम एकत्र आले की पेच तयार होतो. हरलात तर का हरलात ते बोट ठेवून सांगता येतं. नशिबाचा वाटा थोडा आहे, पण "माझं नशीबच फुटकं" म्हणून सुटका होत नाही. तिसऱ्या डावाला तोफ पुलापाशी ठेवली असती तर बरं झालं असतं, हे हरलेल्याला स्वतःलाच दिसतं.

आणि आता तिसरं सुख. हा खेळ चौघांपर्यंत खेळता येतो. तार जोडून चार यंत्रांवर खेळता येतो, तसाच एकाच यंत्रावरही. माझा डाव झाला की यंत्र तुमच्या हातात. तुम्ही विचार करणार, मी तुमचं तोंड बघत बसणार. तुम्ही हसलात तर मला धडकी भरणार. म्हणजे यंत्र नवं असलं तरी बसण्याची रीत ओट्यावरच्या पटाचीच राहिली. बुद्धिबळातही हेच आहे. नागपूरच्या दिव्या देशमुखने २८ जुलै २०२५ रोजी बाटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला तेव्हा पटाच्या पलीकडे कोनेरू हम्पी बसलेली होती. समोर माणूस आहे, त्याचा श्वास ऐकू येतो, आणि तरीही कुणाच्या केसाला धक्का लागत नाही. युद्धाचा खेळ सुसंस्कृत होतो तो असा.

आता दुसऱ्या खेळाकडे येऊ. हा मात्र इथल्या पुष्कळांना पाठ आहे. 'क्लॅश ऑफ क्लॅन्स'. फिनलंडच्या 'सुपरसेल' कंपनीने तो २०१२ मध्ये आयफोनवर आणला, २०१३ मध्ये तो अँड्रॉइडवर आला, आणि मग स्वस्तातल्या मोबाईलबरोबर आपल्यापर्यंत पोचला. खेळायला पैसे लागत नाहीत. या खेळात तुम्हाला काय मिळतं? एक गाव मिळतं. मध्ये टाउन हॉल, भोवती तटबंदी, बुरूज, तोफा. सोन्याची खाण आणि 'एलिक्सर' नावाचा जांभळट रस गोळा करणारी यंत्रं. जमलेल्या मालातून तटबंदी वाढवायची, सैन्य उभं करायचं, दुसऱ्याच्या गावावर चढाई करायची. एका चढाईला तीन मिनिटं. त्यात किती पडझड झाली त्यावर शून्य ते तीन तारे.

हे गाव आपल्या पोरांना इतकं का आवडतं? आम्हाला वाटतं, याचं उत्तर सोयाबीनच्या वावरात आहे. वाशिमचा शेतकरी काय करतो? पेरतो, डवरतो, फवारतो, आणि मग आभाळाकडे बघतो. ऐन सोंगणीच्या वेळी पाऊस आला की उभं पीक नासतं. पीक घरात आलं तर भाव पडलेला असतो. म्हणजे मेहनत आणि फळ यांच्यामध्ये आभाळ आणि बाजार हे दोघं बसलेले. मोबाईलमधल्या गावात हे दोघंही नाहीत. खाण रोज तेवढंच सोनं देते. बुरूज बांधायला घेतला की ठरल्या तासाला बांधून होतो. तिथं दुष्काळ नाही, अतिवृष्टी नाही, अडत नाही. ज्या पोरानं घरात मेहनत वाया जाताना पाहिली आहे, त्याला मेहनत वाया न जाणारं गाव मिळालं तर तो तिथं राहायला जाणारच. याला नुसतं व्यसन म्हणून हात झटकणं बरं नाही. ती एक प्रकारची तक्रार आहे, आणि ती आपण ऐकली पाहिजे.

दुसरी गोष्ट क्लॅनची. क्लॅन म्हणजे टोळी म्हणा, जमात म्हणा, जास्तीत जास्त पन्नास जणांची. एप्रिल २०१४ मध्ये या खेळात क्लॅन वॉर आलं. आधी एक दिवस तयारीचा, मग एक दिवस लढाईचा. दोन्ही बाजूंना सारखी माणसं. प्रत्येकाला फक्त दोन चढाया. शेवटी सगळ्यांच्या ताऱ्यांची बेरीज. आता विचार करा, पोरगं सतरा वर्षांचं आहे. घरात त्याला कोणी विचारत नाही, वर्गात तो मागच्या बाकावर. पण क्लॅनमध्ये त्याला 'एल्डर' केलेलं आहे. म्हणजे वडीलधारा! (हशा) हसण्यासारखं आहे खरं, पण त्याच्या दोन चढायांसाठी वीस-तीस जण थांबलेले असतात. तो आला नाही तर तारे कमी पडतात. सैन्य कमी पडलं तर सोबती आपलं सैन्य त्याला उसनं देतात. "थांबा ना बाबा, वॉर सुरू आहे" या वाक्याचा अर्थ असा आहे की कुठंतरी माझी गरज आहे. कृषिपंपाची वीज रात्रीची असते तेव्हा मोटारीजवळ एकटं बसलेल्या पोराला ही गरज किती ऊब देत असेल, याचा अंदाज आपल्याला आहे.

इथपर्यंत या खेळाची बाजू मांडली. आता त्याच्यावरचे आमचे आक्षेप.

पहिला आक्षेप समोरच्या माणसाबद्दल. तुम्ही दुसऱ्याच्या गावावर चढाई करता तेव्हा तो माणूस तिथं नसतो. तो झोपलेला असेल, वर्गात असेल, वावरात असेल. त्याच्या तोफा आपोआप चालतात. त्यानं आधी रचून ठेवलेल्या गावाशी तुम्ही लढता. ही मांडणीची लढाई आहे, आणि तिच्यात बुद्धी लागते, हे मान्य. तटबंदी कुठं ढिली आहे, आधी धिप्पाड शिपाई पुढं घालून तोफांचा मारा त्यांच्यावर ओढायचा की भिंत फोडणारे सोडायचे, हे ओळखणं सोपं नाही. पण वार झाल्यावर समोरचा काय करेल, हा डावपेचांतला मुख्य प्रश्नच इथं उरत नाही. त्याला करायचं ते त्यानं कालच करून ठेवलेलं आहे. ॲडव्हान्स वॉर्समध्ये मी चाल केली की तुम्ही ती बघून आपली चाल बदलता. इथं डाव आहे, पण उलटा डाव नाही.

दुसरा आक्षेप लुटीबद्दल. लूट या शब्दाचा अर्थ आपल्या जिल्ह्याला माहीत आहे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या फौजेने १६७० मध्ये मुघलांच्या ताब्यातलं कारंजा लुटलं. ते वऱ्हाडातलं श्रीमंत बाजारपेठेचं गाव होतं. त्या लुटीला राजकीय कारण होतं, तिचा हिशोब होता, धोका होता, आणि परिणाम दोन्ही बाजूंना भोगावे लागले. खेळातल्या लुटीला यातलं काही नाही. लुटणाऱ्याला सगळं नेता येत नाही, ठरावीक हिस्साच मिळतो. लुटल्या गेलेल्या गावाला काही तासांची ढाल मिळते, तेवढ्या वेळात त्याच्यावर कुणी चढाई करू शकत नाही. आणि पडलेली घरं आपोआप उभी राहतात. खेळ म्हणून ही सोय चांगली आहे, नाहीतर नवखा माणूस दुसऱ्याच दिवशी खेळ सोडून देईल. पण याचा एक परिणाम होतो. इथं हरण्याला वजन उरत नाही. मग जिंकण्याला तरी किती उरणार? गाव वाढतच राहतं, हरूनही वाढतं. पटावर राजा मेला की डाव संपतो. इथं डाव कधी संपतच नाही, आणि न संपणारा खेळ खाली ठेवणं कठीण जातं.

तिसरा आक्षेप सर्वांत मोठा, तो वाट बघण्याबद्दल. सुरुवातीला आपण म्हटलं की डाव येण्याची वाट बघणं हे सुख आहे. समोरचा विचार करतो आहे म्हणून मी थांबलोय, या थांबण्याला अर्थ आहे. पण या खेळात मी कोणासाठी थांबतो? बुरूज बांधून व्हायला काही दिवस लागतात, म्हणून थांबतो. ते दिवस कंपनीने ठरवलेले असतात. आणि थांबायचं नसेल तर हिरवी रत्नं वापरा, रत्नं संपली असतील तर पैसे देऊन विकत घ्या. म्हणजे आधी अडवायचं आणि मग वाट मोकळी करण्याचा टोल घ्यायचा. हा टोल लहान दिसतो. पण २०१६ मध्ये चीनच्या टेन्सेंटने आपल्या भागीदारांसह सुपरसेलचा मोठा हिस्सा घेतला तेव्हा त्याची किंमत सुमारे ८६० कोटी डॉलर होती. जगभरातल्या माणसांची घाई एकत्र केली की एवढी होते. पुढे कंपनीने काही वाटा मोकळ्या केल्या. मार्च २०२५ मध्ये सैन्य तयार व्हायला लागणारा वेळच काढून टाकला. बांधकामाची वाट मात्र तशीच आहे.

ज्यांनी पैसे देऊन घाई विकत घेतली त्यांचं गाव लवकर वाढतं. म्हणजे जो बाजार या गावात नाही असं आम्ही मघाशी म्हणालो, तो मागच्या दाराने आलाच. मेहनत वाया जात नाही हे खरं, पण ज्याच्या खिशात पैसा आहे त्याला मेहनत कमी करावी लागते. वाशिमच्या पोरानं हे बाहेर पाहिलेलं आहेच. ज्या गोष्टीपासून दूर जायला तो त्या गावात गेला, ती तिथं त्याच्या आधी पोचलेली होती.

आता कुणी म्हणेल, तुम्ही जुन्या खेळाचं कौतुक करता, पण तोही युद्धाचाच ना? रणगाडे गोंडस, सेनापती हसरे, रक्ताचा थेंब नाही. युद्ध असं असतं का? हा प्रश्न आम्ही टाळणार नाही. ॲडव्हान्स वॉर्स अमेरिकेत विक्रीला आला तो दिवस होता १० सप्टेंबर २००१. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कचे मनोरे पडले. युरोपात तो उशिरा, २००२ मध्ये आला. जपानमध्ये, म्हणजे त्याच्या स्वतःच्या घरी, तो दुसऱ्या भागासोबत २००४ मध्ये आला. पुढे त्याची नवी आवृत्ती तयार झाली. मार्च २०२२ मध्ये निन्टेन्डोने जगातल्या घडामोडींचं कारण देऊन ती पुढे ढकलली. रशियाने युक्रेनवर आक्रमण केलेलं होतं. ती आवृत्ती शेवटी एप्रिल २०२३ मध्ये आली. खरं युद्ध पेटलं की खेळण्यातला रणगाडाही बघवत नाही, हे विकणाऱ्यांनाही कळतं.

आमचं मत असं की गोंडसपणा हा दोष आहेच, पण त्यावर उतारा त्या खेळातच आहे. तो उतारा म्हणजे उघडा हिशोब. १० ची तुकडी ३ वर येते तेव्हा तो आकडा डोळ्यांसमोर असतो, आणि तिला पुढं ढकलायचं की माघारी घ्यायचं हे तुम्हालाच ठरवावं लागतं. तुमच्या निर्णयाची किंमत कुणी ढालीखाली झाकत नाही. खेळणाऱ्याला एवढं जरी कळलं की लढाईत प्रत्येक चालीची किंमत कुणीतरी मोजतं, तरी पुष्कळ कळलं.

म्हणून आमचा निवाडा थोडक्यात सांगतो. ॲडव्हान्स वॉर्समध्ये तिन्ही सुखं पूर्ण मिळतात, म्हणून तो मोठा खेळ. क्लॅश ऑफ क्लॅन्समध्ये हिशोबाचं सुख आहे, सोबत्यांचं सुख तर फारच मोठं आहे, पण विरोधक गैरहजर आहे आणि वाट बघणं विकायला काढलेलं आहे. हुशारीनं बांधलेला, पण खेळणाऱ्याशी पूर्ण सरळ न वागणारा खेळ.

आईबापांना एकच सांगणं. पोराच्या हातून मोबाईल हिसकावण्याआधी त्याला विचारा, तुझ्या क्लॅनमध्ये किती जण आहेत? आज वॉर कोणाशी आहे? तुझ्या चढाया झाल्या का? त्याचं गाव त्यानं कसं रचलं आहे ते बघा. तिथं त्याची बुद्धी दिसेल, कदाचित वहीत दिसते त्याहून जास्त. मग त्याला बुद्धिबळाचा पट द्या, सोंगट्या द्या, वाघ-शेळीचा डाव खडूने ओट्यावर आखून द्या. फक्त पट देऊन निघून जाऊ नका, पलीकडे बसा. त्याला हवा आहे तो समोरचा माणूस, आणि ती जागा मोबाईलमधल्या कोणत्याही गावाला भरता आलेली नाही.

आणि पोरांनो, तुम्हालाही एक. रत्नं विकत घेऊ नका. थांबा. शेतकऱ्याच्या घरचे आहात, थांबणं तुम्हाला कुणी शिकवायला नको.

आम्ही इथं थांबतो. आता डाव तुमचा, प्रश्न विचारा.